त्याला म्हणावं

गोष्टीतल्या माणसांनी नुसतं ‘म्हणू’ नये, हे मला फार लवकर कुणीतरी सांगितलं आणि मी ते नको इतकं मनावर घेतलं. पहिली गोष्ट एका मासिकाला पाठवली होती. संपादकांनी ती परत पाठवली आणि समासात तांबड्या पेनानं एवढंच लिहिलं, ‘म्हणाला, म्हणाला, म्हणाला. वीट आला.’ माझा स्वभाव तापट. मी ते पान टराटरा फाडलं आणि मग निमूट संपादकांचं ऐकलं. तेव्हापासून माझ्या गोष्टीत कुणी साधं म्हणालं असेल तर शपथ. पुरुष खेकसायचे, डाफरायचे, गरजायचे. बायका फणकारायच्या, नाहीतर मुसमुसत विचारायच्या. म्हातारी माणसं पुटपुटायची, आणि अगदीच काही सुचलं नाही तर उसासा टाकून उद्गारायची.

धाराशिवला ज्या शाळेत मी मराठी शिकवते तिथंही मी हा रोग लावला. फळ्यावर ‘म्हणाला’ लिहायचं, त्यावर काट मारायची आणि मुलांकडून दुसरे शब्द काढून घ्यायचे, हा माझा आवडता तास. सातवीतल्या एका मुलीनं निबंधात ‘गाय विनवणी करत हंबरली’ असं लिहिलं, तर मी तिला वर्गासमोर उभं करून शाबासकी दिली. मजल कुठवर गेली होती ते यावरून कळावं.

गंमत अशी, की ज्या घरात मी वाढले तिथं या सगळ्या शब्दांना कामच नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, आणि त्यांचे थोरले भाऊ आण्णा हे एकमेकांशी बोलत नाहीत. मी शाळेत होते तेव्हापासूनचा हा अबोला. गाव एकच, तेरच्या जवळचं. दादांचं घर गावात, आण्णांचं शेतात, आणि मध्ये दोघांची सामाईक विहीर, जिचं पाणी दोघं पाळीपाळीनं घेतात.

अबोला म्हणजे बोलणं बंद, असं शहरातल्या माणसाला वाटतं. आमच्याकडं अबोला धरलेली माणसं रोज बोलतात, फक्त मध्ये कुणीतरी लागतं. विहिरीवर दादा हातभर अंतरावर उभे असताना आण्णा मोठ्या आईला सांगणार, “त्याला म्हणावं, पाळी सरली, मोटर बंद कर.” मोठी आई म्हणजे आण्णांची बायको. ती दादांकडे वळणार, “आण्णा म्हणतेत, पाळी झाली.” मग दादा तिला, “त्येंना म्हणावं, केली बंद.” मोठी आई परत आण्णांकडे, “केली म्हणतेत.” आण्णांनी ते आधीच ऐकलेलं असतं, पण मोठ्या आईच्या तोंडून येईपर्यंत ते ऐकलं असं धरायचं नाही. मध्ये माणूस नसला तर बैल चालतो, कुत्रं चालतं. एकदा दादांनी आण्णांच्या बैलाला सांगितलेलं मी ऐकलंय, “मालकाला म्हणावं, कुंपण मोडलंय.” आण्णांनी दुसऱ्या दिवशी कुंपण नीट केलं.

माझ्या लग्नात आण्णा आले, फेटा बांधून घेतला, अक्षता टाकल्या आणि पंगतीत वाढप्याला म्हणाले, “त्याला म्हणावं, आमटीत मीठ कमी हाय.” दादा त्या वाढप्याच्या शेजारीच हात जोडून उभे होते. त्यांनी मीठ पाठवलं.

हे सगळं निभावून नेलं ते मोठ्या आईनं. आण्णांच्या तोंडात शिवी आधी आणि वाक्य नंतर. “त्या गाढवाला म्हणावं, डोळं फुटलेत का,” असं आण्णा ओरडले, की मोठी आई दादांना सांगायची, “जरा बगून चाला, म्हणतेत.” शिवी तिच्यापाशीच राहायची. आण्णांना ते कळायचं आणि दादांनाही कळायचं.

आण्णांना आणि मोठ्या आईला मूल नाही. माझं निम्मं बालपण त्यांच्या ओसरीवर गेलं. विहिरीच्या बांधाला आण्णांनी आंब्याची कलमं लावली होती. ती मोठी झाली, फळाला आली, आणि अबोल्यातसुद्धा दर उन्हाळ्यात आंब्यांची पिशवी आमच्या उंबऱ्यावर येऊन पडायची. मोठी आई ती ठेवून न बोलता निघून जायची. मी आंब्यांवर तुटून पडायचे. दादा एक फोड तोंडात घालायचे नाहीत. साखर वाढती, म्हणायचे. तेव्हा त्यांना साखर नव्हती.

भांडण पाण्यावरून झालं होतं, एवढं सगळ्या गावाला माहीत आहे. दुष्काळी साल होतं आणि विहीर तळाला गेली होती. दादांची ज्वारी माना टाकत होती, आणि आण्णा त्यांच्या पाळीचं पाणी नुकत्याच लावलेल्या आंब्यांना सोडत होते. मी तिथं नव्हते. संध्याकाळी चुलीपुढं बसून दादांनी आईला जे सांगितलं तेवढंच मला ठाऊक. आण्णा कसे अंगावर धावून आले, कसं बापजाद्यांचं नाव घेतलं, ते सगळं सांगून दादा म्हणाले होते, “म्या निस्तं इचारलं. आण्णा, कुणासाठी जगवायलाव ही झाडं?”

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी मी ते भांडण लिहिलं. माणसांची नावं दिली नाहीत, थोरला आणि धाकटा म्हटलं. बाकी विहीर तीच, आंबे तेच. खरं सांगायचं तर ते पान लिहिताना मला फार मजा आली. शब्द आपोआप येत होते. थोरला खेकसला, थोरला गुरगुरला, थोरला डाफरला, आणि त्या सगळ्या आरडाओरड्यात धाकट्यानं काकुळतीला येऊन विनवलं. लेखणी अशी सुटली होती म्हणून सांगू. अंक हातात आला तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात दिवाळीच्या फराळाबरोबर तो आण्णांच्या घरी नेऊन दिला. आण्णांना चष्मा लावून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायची सवय आहे, हे मला माहीत होतं, आणि त्यांनी माझी गोष्ट वाचावी अशी इच्छाही होती. काय वाचतील याचा विचार मात्र मी केला नव्हता.

भाऊबीजेनंतर मी परत गेले तेव्हा आण्णा ओसरीवर बाजेवर बसले होते. मला पाहून त्यांनी तोंड फिरवलं आणि आत हाक दिली, “पाणी हवंय का इचार तिला.”

त्या दिवसापासून मी पण अबोल्यात गेले. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी तेरची जत्रा पाहिली, तो मला मोठ्या आईमार्फत पाणी विचारत होता. मी रडले, चिडले, नवऱ्याला ऐकवलं की खेड्यातल्या माणसांना साहित्य कळत नाही. पण आतून मला पक्कं ठाऊक होतं की त्यांना ‘गुरगुरला’ लागलंय. गुरगुरतं ते कुत्रं.

हे असंच चाललं असतं. पण यंदा थंडीच्या तोंडावर दादांच्या छातीत दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की काळजाचं ऑपरेशन करायला हवं आणि थांबून चालणार नाही. माझ्या धाकट्या भावानं दवाखाना ठरवला, गाडी ठरवली. पहाटे निघायचं होतं. आदल्या दिवशी सकाळी दादा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, “आण्णा आल्याबिगर म्या गाडीत पाय ठिवणार न्हाय.”

आधी आम्हाला ती म्हाताऱ्या माणसाची धास्ती वाटली. आईनं समजूत घातली, भाऊ चिडला, मी डॉक्टरांचं नाव सांगून भीती घातली. दादांचं एकच. “जित्ता परत यीन का न्हाय. आण्णाला बोलवा.” भाऊ आण्णांकडे जाऊन आला. मोठ्या आईनं त्याला सांगितलं, “बगू म्हणतेत.” आमच्या घरात तिच्या ‘बगू म्हणतेत’चा अर्थ सगळ्यांना कळतो. दुपारी आईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी चप्पल घातली.

वाटेत विहीर लागली, आंबे लागले. तुरी कमरेच्या वर आल्या होत्या. मी मनात वाक्यं जुळवत चालले होते, आणि कुठलंच वाक्य पहिल्या शब्दापलीकडं जात नव्हतं. आण्णा आले नाहीत तर दादा गाडीत बसणार नाहीत, आणि बसले नाहीत तर काय होईल ते डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. पायाखाली ढेकळं होती तरी मी जवळपास पळतच होते.

आण्णा बाजेवरच होते. मोठी आई खाली बसून सुपात उडीद निवडत होती. मी पायऱ्या चढले आणि आण्णांनी विहिरीकडं तोंड केलं.

“आण्णा, दादांना उद्या सोलापूरला न्यायचंय.” मी थेट त्यांच्याशीच बोलायचं ठरवलं होतं. “तुम्ही भेटल्याशिवाय ते जायला तयार नाहीत. पाया पडते, चला.”

आण्णा मोठ्या आईला म्हणाले, “तिला म्हणावं, आधी बस.”

“बस बाई,” मोठी आई म्हणाली.

मी बसले. आण्णांनी उशीखाली हात घातला आणि दिवाळी अंक काढला. कोपरे मुडपलेले, पानं फुगलेली. तो त्यांनी माझ्याकडं नाही, मोठ्या आईकडं दिला. “हिला म्हणावं, हितलं आमचं भांडण वाचून दाखीव. हिच्या तोंडून ऐकायचंय मला.”

मोठ्या आईनं अंक माझ्या मांडीवर ठेवला. तिचे हात उडदाच्या धुळीनं पांढरे झाले होते. “वाच म्हणतेत,” ती म्हणाली. डोळे मात्र सांगत होते की वाच आणि मोकळी हो.

“आण्णा, आत्ता? दादा तिकडं...”

“वाच म्हणावं.”

मी पान काढलं. ते शोधावं लागलं नाही, अंक त्याच पानावर आपोआप उघडला. पहिला परिच्छेद विहिरीचा, दुष्काळाचा. तो वाचला. मग थोरल्याचं पहिलं वाक्य आलं, आणि त्याच्या शेवटाला तो शब्द उभा होता. तोंडातून निघायच्या आत मी तो पुसला.

“‘पाळी माझी हाय, मी कायबी करीन,’ थोरला म्हणाला.”

आण्णा हलले नाहीत. मी पुढं गेले. नजर ओळीच्या आधी धावत होती, कुठला शब्द येतोय ते बघत होती, आणि जीभ मागून तो काढून टाकत होती. ‘पाणी काय कुणाच्या बापाचं न्हाय,’ थोरला म्हणाला. ‘तुझ्या ज्वारीचं मला नगं सांगू,’ थोरला म्हणाला. जो शब्द मी फळ्यावर रोज खोडत होते तोच मी प्रत्येक ओळीच्या शेवटी लावत होते. जुने संपादक ऐकत असते तर त्यांना वीट आला असता. मला मात्र एकाच गोष्टीची काळजी होती, की ‘गुरगुरला’ तोंडातून निसटू नये.

“थांब म्हणावं तिला.”

मोठी आई काही म्हणायच्या आत मी थांबले.

“पयल्या ओळीला ‘खेकसला’ हाय,” आण्णा विहिरीकडंच बघत म्हणाले. “दुसरीला ‘गुरगुरला’ हाय. म्हणावं, मला पाठ हाय. लिवलं तसं वाच म्हणावं.”

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. खेकसला. आण्णांनी मान डोलावली. गुरगुरला. त्यांनी परत मान डोलावली. डाफरला. मी वाचत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं, आणि त्या पाण्याचा मला संताप येत होता. एक म्हातारा माणूस तोंड फिरवून बसलाय आणि मी त्याला त्याच्या तोंडावर कुत्र्याचा शब्द वाचून दाखवतेय.

“वरडलो व्हतो म्या,” आण्णा म्हणाले. “शिव्याबी घातल्या. दगड उचलला व्हता, ते हिनं लिवलं न्हाय. गुरगुरला लिवलंय ते बराबर हाय. फुडं वाच म्हणावं.”

मला काही समजेना. ज्या शब्दाची मी वर्षभर धास्ती घेतली होती तो या माणसानं हिशेबातच धरला नव्हता. मग अबोला कशाचा? मी पुढची ओळ घेतली. ही दादांची ओळ होती. तिच्यात लपवायचं काही नव्हतं, उलट हीच आण्णांच्या मनाला पाझर फोडेल असं वाटून मी ती जरा आवाज भिजवून वाचली.

“‘आण्णा, कुणासाठी जगवायलाव ही झाडं?’ धाकट्यानं काकुळतीला येऊन विनवलं.”

सुपातला आवाज बंद झाला. इतका वेळ उडीद खालीवर होत होते ते मला तोवर जाणवलंही नव्हतं.

आण्णा वळले आणि मला म्हणाले, “इनवलं? ह्ये तुला कुणी सांगितलं?” मध्ये ‘म्हणावं’ नव्हतं. वर्षभरानं ते माझ्याशी बोलत होते, आणि त्यांच्या गळ्याची शीर फुगली होती. “तू व्हतीस तितं? इनवताना कुणी बगितलं त्याला?”

“दादा म्हणाले होते...”

“हिला इचार. ही व्हती. भाकरी घिऊन आली व्हती मला.”

मी मोठ्या आईकडं पाहिलं. इतकी वर्षं इकडचं तिकडं पोचवणाऱ्या त्या बाईला स्वतःचं काही सांगायची सवयच राहिली नव्हती. ती सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकत म्हणाली, “इनवला न्हाय बाई. वरडलाबी न्हाय. हे दगड घिऊन हुबे व्हते, आन त्यो निवांत व्हता. आंब्याच्या आळ्यात पाणी चाललं व्हतं, तिकडं बगितलं त्यानं. मग माझ्याकडं बगितलं. माझ्याकडं बगितलं आन म्हणला.”

ती एवढंच बोलली. मला पुढं विचारायची गरज नव्हती. ज्या घरात पाळणा हलला नाही त्या घरच्या बाईकडं बघून दीर विचारतो, कुणासाठी जगवता ही झाडं. आवाज चढवायची त्याला गरजच पडली नव्हती. आणि मी, मराठीची बाई, त्या वाक्याला काकुळती चिकटवून ते छापून आणलं होतं, आणि फराळाच्या डब्यासोबत याच बाईच्या हातात दिलं होतं.

मला दादांचा भयंकर राग आला. साखर वाढते म्हणून न खाल्लेला एकेक आंबा आठवला. मग उद्या त्याच माणसाची छाती उघडायची आहे हेही आठवलं, आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. मी मोठ्या आईचे पाय धरले. तिनं ते आत ओढून घेतले.

“आता वाच परत ती ओळ,” आण्णा म्हणाले.

मी अंक उचलला नाही. बघायची जरूर नव्हती. “‘आण्णा, कुणासाठी जगवायलाव ही झाडं?’ धाकटा म्हणाला.”

“आसं,” आण्णा म्हणाले. त्यांनी आपले हात पालथे करून पाहिले. “म्हणला. आन मला फुडं शबूदच सापडंना. दगड पडला हातातला. बेजार झालो बग मी त्या दिशी. तवापासून त्याच्याशी बोलायचं म्हणलं, की तेवढंच आठवतंय.”

ऊन उतरायला लागलं होतं. तिकडं आई दर थोड्या वेळानं दाराशी येऊन वाटेकडं बघत असणार, भाऊ गाडीवाल्याला पहाटेचं अजून पक्कं नाही असं फोनवर सांगत असणार. मी शेवटचं विचारलं, “आण्णा, येता का?”

आण्णांनी परत विहिरीकडं तोंड केलं. “जा म्हणावं तिला,” ते म्हणाले. “तिचं वाचून झालं.”

मोठ्या आईनं ते माझ्यापर्यंत आणायला हवं होतं. ‘जा म्हणतेत’ म्हणायला हवं होतं, किंवा तिच्या रीतीनं ‘बगू म्हणतेत’. तिनं तसं काहीच केलं नाही. सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि ती उठली.

“कुणासाठी म्हणं,” ती आण्णांना म्हणाली. “हिनंच खाल्ले की समदे आंबे.”

तिनं माझ्याकडं हात केला.

“न्यायला आलीया पोरगी. आन तुमी जा म्हणायलाव.”

“तुला चालतंय का?” आण्णांनी विचारलं. मी तो आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “त्यानं तुझ्याकडं बगून म्हणलं व्हतं.”

“आज इचारलंव व्हय,” मोठी आई म्हणाली. “इतकी वर्सं म्हणावं-म्हणावं करून माझ्या तोंडाला फेस आला, तवा न्हाय इचारलं. चला. पायताण घाला.”

आम्ही तिघं निघालो. आण्णा पुढं, मोठी आई मध्ये, मी मागं. आंब्यांपाशी आण्णा थांबतील असं मला वाटलं, पण ते सरळ चालत गेले. गोष्टीत मी त्यांना तिथं नक्की थांबवलं असतं. मला धाकधूक होती, की हे घरापर्यंत पोचतील आणि दाराशी जाऊन त्यांचं मन फिरेल. आण्णांचा भरवसा नाही, आणि आता दादांचाही वाटेना. ते कशासाठी आण्णांना बोलावतायत ते मला आता कुठं कळत होतं, आणि ऐन वेळी त्यांच्या तोंडून काय निघेल ते देवालाच ठाऊक. जिभेला हाड नसतं, आणि आमच्या घराण्यात तर मुळीच नसतं.

दादा बाहेरच्या खोलीत खाटेवर पडले होते. आण्णांची सावली दारात पडली तसे ते धडपडत उठून बसले. आईनं त्यांच्या पाठीला उशी दिली. आण्णा उंबऱ्याच्या आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मोठी आई दाराशीच थांबली. आता मध्ये मी होते.

“इचार त्याला,” आण्णा मला म्हणाले, “जेवला का.”

“सांग,” दादा मला म्हणाले, “खिचडी खाल्ली.”

“खिचडी खाल्ली म्हणतायत,” मी म्हणाले. माझा आवाज मोठ्या आईसारखा येत होता.

“भ्यायचं न्हाय म्हणावं. दवाखाना चांगला हाय.”

“भिऊ नका म्हणतायत.”

दादांनी मान डोलावली. मग ती मान खालीच राहिली. चादरीचा काठ त्यांनी दोन्ही हातांत गच्च धरला होता. सोलापूरला पोचायच्या आधीच यांच्या काळजाला काहीतरी होणार, अशी भीती मला वाटली आणि मी पुढं झाले. त्यांनी हातानंच मला थांबवलं.

“आण्णाला म्हणावं,” दादा चादरीकडं बघत म्हणाले. “आन वयनीलाबी म्हणावं. त्या दिशी आंब्यापाशी म्या जे बोललो. ते चुकलं म्हणावं. तवाच कळालं व्हतं मला, त्येंच्या हातातला दगड पडला तवाच. म्हणावं, लई चुकलं.”

दाराशी मोठ्या आईनं पदर तोंडाला लावला. खोलीत सगळे माझ्याकडं बघत होते. हे एवढं वाक्य मी उचलून चार पावलांवर न्यायचं होतं. आयुष्यभर जमवलेले सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले. कबूल केलं, पुटपुटले, गहिवरून, कळवळून. एकही त्या वाक्याला लावायची माझी हिंमत झाली नाही. शेवटी मी आण्णांकडं वळले आणि मोठ्या आईच्या रीतीनं सुरुवात केली, “आण्णा, दादा म्हणतायत...”

आण्णांनी मला हातानं बाजूला केलं. खाटेपाशी येऊन ते दादांच्या पायाशी बसले.

“तिला कशाला सांगायलास? म्या हितंच हाय की,” आण्णा म्हणाले.